घरी बांधलेलं इंजिन

बालिगेच्या धक्क्यावर जाहोत्लान नापितुपुलूने एकेचाळीस वर्षं लाँचची डिझेल इंजिनं दुरुस्त केली. तोबा सरोवर ओलांडणाऱ्या बहुतेक लाँचच्या पोटात कधी ना कधी त्याचा हात जाऊन आलेला. एवढ्या वर्षांत त्याचं कोणाशी वाकडं आलं नाही. वाकडं होतं ते एकाच माणसाशी, बायकोच्या थोरल्या भावाशी, आणि तेही बुद्धिबळाच्या एकाच डावावरून.

या भावाचं नाव मारुदुत सिआहान. मेहुणेमेहुणे एकमेकांना ‘लाए’ म्हणतात, तसे हे दोघेही म्हणत. पण म्हणायला सारखं असलं तरी मान सारखा नव्हता. बायकोच्या माहेरच्यांपुढे जावयाने वाकायचं, त्यांच्याकडे कार्य निघालं की स्वयंपाकाची पातेली त्याने उचलायची, ही रीत जाहोत्लानने कधी मोडली नाही. घरी तो मारुदुतला ‘तुम्ही’ म्हणे. मधे पट आला की मात्र ‘तुम्ही’चं ‘तू’ होई, आणि मग जी तोंडं सुटत ती सोर्ताबाईच्या कॉफीच्या दुकानात बसलेले सगळे कान टवकारून ऐकत.

डाव होता १९८८ सालचा. स्वातंत्र्यदिनाची स्पर्धा, शेवटची फेरी. दिवस मावळत आला, चाळीस खेळ्या झाल्या आणि पंच म्हणून बसलेल्या हासिहोलान मास्तरांनी घड्याळ थांबवलं. त्यांनी पट डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, थोडा वेळ मान डोलावली आणि जाहीर केलं, “बरोबरी.” अर्ध्या गुणाने करंडक मारुदुतकडे गेला. जाहोत्लानचं बोट तेव्हा हत्तीवर होतं. तो हत्ती काळ्या राजासमोरच्या प्याद्यावर आदळायचा, मारुदुतने तो मारायचा आणि मग उंट आणि वजीर मिळून राजाला घेरायचं, असं सगळं त्याच्या डोळ्यांपुढे लख्ख होतं. जिंकलेला डाव मास्तरांनी हिसकावून घेतला, असं त्याचं म्हणणं. “हत्ती मारल्यावर तू शहामागून शह देत बसला असतास, मी राजा इकडून तिकडे हलवत बसलो असतो. बरोबरीच,” असं मारुदुतचं. मास्तर देवाघरी गेले, धक्का सिमेंटचा झाला, दोघांना नातवंडं झाली. वाद होता तिथेच राहिला.

यंदा जुलैमध्ये मारुदुतच्या मुलाने जकार्ताहून बापाला नवाकोरा संगणक पाठवला. पुढच्याच रविवारी, चर्च सुटल्यावर, मारुदुत दुकानात आला तो हातात छापील कागद घेऊनच.

“लाए, बस. कॉफी घे. आज मी पाजतो,” तो म्हणाला.

जाहोत्लानला तेव्हाच शंका आली. मारुदुत आपण होऊन कॉफी पाजणारा माणूस नव्हता.

“आपला डाव संगणकात घातला. जगातला कुठलाही विजेता ज्याच्यापुढे टिकत नाही असा प्रोग्रॅम आहे तो. त्याने काय सांगितलं बघ. शून्य पूर्णांक शून्य शून्य. म्हणजे काय ते कळतं ना?”

“तुझ्या डोक्यात काय आहे ते त्याने मोजलं वाटतं.”

दुकानात हशा पिकला. मारुदुतने कागद टेबलावर आपटला. “बरोबरी! छत्तीस वर्षं सांगतोय!”

“किती वेळ विचार केला त्याने?”

“दोन मिनिटं.”

“दोन मिनिटांत तुझी बहीण मासळी निवडत नाही, आणि हा छत्तीस वर्षांचा निकाल देतो?” जाहोत्लानने कागद उलटा करून ठेवला. “माझ्याकडेही संगणक आहे. नीट, पुरता विचार करायला लावतो. दोन रविवार दे.”

“तुझ्याकडे? तो शाळेने भंगारात काढलेला?” मारुदुतला हसू आवरेना. “द्या रे दोन रविवार याला! दोन कशाला, दोन वर्षं द्या! आणि जो चुकला त्याने इथे उभं राहून सगळ्यांदेखत म्हणायचं, मी चुकलो.”

“कबूल,” जाहोत्लान म्हणाला. कॉफी मात्र त्याने पूर्ण प्यायली.

संगणक भंगारातला होता हे खरंच. त्याची भाची रोन्दांग सितोरुस गावातल्या तांत्रिक शाळेत संगणक शिकवायची. शाळेने जुनी यंत्रं काढली तेव्हा त्यातलं एक तिने मामाला आणून दिलं होतं. तुलांग म्हणजे मामा. ती त्याला तुलांग म्हणे, आणि त्याच्यासाठी काहीही करायला तयार असे. त्या संध्याकाळी तिने बुद्धिबळाचा तोच प्रसिद्ध प्रोग्रॅम जुन्या यंत्रावर उतरवून घेतला आणि डाव मांडला.

“याला इंजिनच म्हणतात, तुलांग,” ती म्हणाली.

हे ऐकून जाहोत्लान खुर्ची ओढून जवळ बसला.

इंजिन चालत होतं, पण रखडत. सेकंदाला चार लाख मांडण्या तपासतंय, असा आकडा पडद्यावर येत होता. जाहोत्लानला चार लाख पुष्कळ वाटले. रोन्दांगने मान हलवली. “काहीच नाही हे. या वेगाने तुमच्या डावाच्या तळाशी जायला महिना लागेल. हे तयार मिळालेलं आहे ना, ते कुठल्याही संगणकावर चालावं म्हणून बनवलंय. प्रत्येक प्रोसेसरला काही खास कामं झटक्यात करता येतात. पण ती सगळ्यांनाच येतात असं नाही. म्हणून हे कोणाचीच खास ताकद वापरत नाही.”

“म्हणजे सगळ्यांच्या पायात जाईल अशी चप्पल.”

“तसंच.”

“मग माझ्या पायाची कुठे मिळते?”

“मिळत नाही. बनवावी लागते. याचा सोर्स कोड, म्हणजे ज्यावरून ते घडतं तो मूळ मजकूर, उघडा आहे, कोणीही घ्यावा. मी उद्या माझ्या लॅपटॉपवर तो कंपाइल करून, म्हणजे त्यातून चालतं इंजिन घडवून, आणते. तिथे प्रोसेसर बघून त्याच्यासाठी घडव, एवढं सांगितलं की झालं.”

दुसऱ्या दिवशी ती पेन ड्राइव्ह घेऊन आली. जाहोत्लानने अंघोळ करून स्वच्छ सदरा घातला होता, जणू कोणी पाहुणा येणार होता. तिने प्रोग्रॅम सुरू केला, आणि तो सुरू व्हायच्या आत मेला. पडद्यावर एक ओळ आली: अवैध सूचना.

“अवैध? आपण काय चोरी केली?” जाहोत्लानने विचारलं.

रोन्दांगने कपाळाला हात लावला. “माझंच चुकलं. मी माझ्या लॅपटॉपवर घडवला, तर तो माझ्या लॅपटॉपच्या मापाचा झाला. माझ्या प्रोसेसरला जे येतं ते हा तुमच्या प्रोसेसरला करायला सांगतोय, आणि तो म्हणतोय, मला ही भाषाच कळत नाही.”

जाहोत्लान एकदम खुलला. “अगं, मग हे आधी नाही का सांगायचं! एकाच कारखान्याची, एकाच नंबराची दोन इंजिनं असली तरी याची रिंग त्याला बसत नाही. पिस्टन ज्या सिलिंडरमध्ये चालायचा त्याच सिलिंडरमध्ये घासून बसवावा लागतो. हे इथेच घडवायला हवं. याच यंत्रावर.”

“हो. सरका, करते.”

“तू हात लावायचा नाहीस,” तो म्हणाला. “तू फक्त सांग.”

त्याने आपली डिझेलच्या डागांनी पिवळी पडलेली वही काढली आणि रोन्दांगने सांगितलेल्या आज्ञा एकेक अक्षर विचारून उतरून घेतल्या. कुठे मोठं अक्षर, कुठे लहान, कुठे आडवी रेघ एक, कुठे दोन. मग ती शाळेत गेली आणि तो एका बोटाने टाइप करत बसला.

पहिला दिवस चुकांत गेला. कंपायलरच बसवलेला नव्हता, तो बसवला. एके ठिकाणी रेघ सुटली. एके ठिकाणी मोठ्या अक्षराच्या जागी लहान पडलं. दर चुकीला यंत्र इंग्रजीत लांबलचक कुरकुर करी. तो कुरकुरीचा फोटो काढून रोन्दांगला पाठवी आणि मधल्या सुट्टीत तिचं उत्तर येई. तिऊरलान, त्याची बायको, त्याच खोलीत मागावर बसून उलोस शेले विणायची. तिने दिवसभरात चार वेळा विचारलं, “जेवणार आहात का?” आणि चारही वेळा उत्तर आलं, “हे एवढं झालं की.”

“लग्नातही एवढं मन लावून उभे नव्हतात,” ती म्हणाली आणि ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी काम मार्गी लागलं. आज्ञा दिली आणि पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. यंत्राचा पंखा घोंघावू लागला. जाहोत्लानला त्या ओळी वाचता येत नव्हत्या, पण चालत्या यंत्राचा आवाज त्याला कळत होता. चार मिनिटांनी आवाजात काहीतरी घरघर मिसळली. त्याने धक्क्यावर सिलिंडरवर ठेवायचा तसा तळहात डब्यावर ठेवला. चटका बसला. तेवढ्यात सगळं बंद पडलं. पडदा काळा.

त्याने पुन्हा चालू केलं. पुन्हा पाच मिनिटांत बंद. रोन्दांगचं उत्तर आलं: “जुना आहे तुलांग, एवढा ताण सोसत नसेल. राहू द्या का?”

तो सोडून देणाऱ्यांतला नव्हता. त्याने पेचकस आणला आणि डब्याची बाजू उघडली. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली गरम हवा बाहेर पडायच्या खाचा असतात, त्या गच्च बुजल्या होत्या. लाल, काळ्या, पांढऱ्या तंतूंचा एक जाड थरच जमला होता. त्याने तो चिमट्याने अलगद ओढला तर तळहाताएवढा तुकडा निघाला.

“तिऊर,” त्याने हाक मारली, “इकडे बघ, तुझा उलोस यानेही विणलाय.”

बायको उठून आली, तुकडा हातात घेऊन तिने उजेडात धरला. “माझ्याहून घट्ट विणलाय मेल्याने,” ती म्हणाली, आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

त्याने खाचा कोंबडीच्या पिसाने साफ केल्या, पंख्याच्या आसाला तेलाचा एक थेंब दिला. प्रोसेसरवरचा, उष्णता वाहून नेणारा पण वाळून कोळसा झालेला लेप खरवडला आणि मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून नवा आणून लावला. मागापासून दूर, खिडकीशी टेबल नेलं. या वेळी आज्ञा दिल्यावर डबा कोमट राहिला आणि ओळी शेवटपर्यंत धावल्या.

त्या धावत असताना एक गोष्ट झाली ती त्याला फारच आवडली. इंजिन एकदा बांधून झालं. मग ते आपणच थोडं चालून पाहू लागलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून बांधलं जाऊ लागलं. त्याने घाबरून रोन्दांगला फोन लावला.

“बिघडलं नाही तुलांग, तसंच असतं. ते स्वतःला चालवून बघतं, कुठल्या वाटेने जास्त वेळा जावं लागतं ते टिपून ठेवतं, आणि मग त्या वाटा मोकळ्या ठेवून परत घडतं.”

“नव्या इंजिनाला आम्ही आठ दिवस हलक्या भाराने चालवायचो,” तो म्हणाला. “मग उघडायचं, कुठे घासलंय ते बघायचं, परत बसवायचं. हे कोणी शोधलं गं? लाँचवर काम केलेला माणूस दिसतोय.”

पाऊण तासाने ते पुरं झालं. त्याने १९८८ चा डाव मांडला आणि आकडा पाहिला. नऊ लाख तीस हजार. चष्मा पुसून परत पाहिला. यंत्र तेच, प्रोसेसर तोच, एक खिळाही नवा घातलेला नाही, आणि वेग दुपटीहून जास्त. त्याने वहीत तारीख घातली आणि खाली आकडा लिहिला. मग आधी जेवला. चांगलं दोनदा वाढून घेऊन जेवला.

त्या रात्रीपासून इंजिन सतत चालत राहिलं. पहिले तीन दिवस ते बरोबरीच म्हणत होतं. शनिवारी हत्तीच्या बलिदानाचा भाव थोडा वर चढला, पांढऱ्याच्या बाजूने. जाहोत्लान दर तासाला उठून आकडा बघे आणि शीळ घाली. रविवारी दुकानात मारुदुतने “काय रे, तुझं भंगार अजून विचारच करतंय का?” असं डिवचलं, तरी तो नुसता हसला.

आकडा फिरला तो बुधवारी दुपारी. रोन्दांग शाळेतून परस्पर आली होती. तिऊरलानने तिच्यापुढे तळलेली केळी ठेवली होती. जाहोत्लान पडद्यापुढे उभा होता.

“काय झालं, तुलांग?”

“उणे दोन,” तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “उणे चार.”

इंजिनला तळ सापडला होता. पांढऱ्याने हत्ती दिला की काळ्याने तो मारायचाच नाही. काळ्याने राजा एक घर बाजूला घ्यायचा. बस. ना शह, ना मारामारी. एक शांत पाऊल. आणि पांढऱ्याचा सगळा हल्ला वाऱ्यावर. हत्ती न देता साधं खेळलं असतं तर बरोबरी होती. दिला असता तर हार.

जाहोत्लानने लाकडी पट आणला. त्याला यंत्राच्या शब्दावर विसंबायचं नव्हतं. त्याने उंट हलवून पाहिला, वजीर हलवून पाहिला, प्यादं पुढे करून पाहिलं. रोन्दांग काळ्याकडून खेळत होती. संध्याकाळपर्यंत तो तेरा वेळा हरला. तेराव्या वेळी तो पाठीमागे टेकला आणि म्हणाला, “काय सुंदर खेळी आहे गं ही!”

“तुम्हाला वाईट नाही वाटत?”

“वाटतंय. छत्तीस वर्षं ओरडत होतो की हे इंजिन चालणारच, फक्त मला किल्ली फिरवू दिली नाही. आज उघडलं तर आत क्रँकच मोडलेला. वाईट वाटतंय, पण उघडायला नको होतं असं नाही वाटत.”

तिऊरलान मागावरून म्हणाली, “दादाला दोन मिनिटांतलंच माहीत आहे. तुम्ही गप्प बसलात तर कोणाला कळणार नाही.”

“मला कळलंय ना,” तो म्हणाला. “आणि अशी खेळी दाखवायची नाही म्हणजे काय! पाप लागेल.”

रविवारी सोर्ताबाईच्या दुकानात बसायला जागा नव्हती. ज्यांना प्यादं कसं चालतं हे माहीत नव्हतं तेही आले होते. मारुदुतने इस्त्रीचा कोट घातला होता. जाहोत्लान आला, काखेतला पट टेबलावर ठेवला आणि बसायच्या आधीच उभ्याने म्हणाला, “मी चुकलो.”

एवढ्या पटकन, एवढं सरळ कोणालाच अपेक्षित नव्हतं. मारुदुतलाही नव्हतं, त्याने तयार करून आणलेले टोमणे सगळे तोंडातच राहिले.

“मास्तरांनी मला वाचवलं,” जाहोत्लान पुढे म्हणाला. “मी हत्ती दिला असता तर हरलो असतो. बघ.” त्याने सोंगट्या मांडल्या, हत्ती प्याद्यावर आपटला. “आता खेळ.”

“मी मारतो,” मारुदुतचा हात पुढे आला.

“मारू नकोस. राजा बाजूला घे.”

“वेडा आहेस का? फुकट हत्ती मिळतोय...” मारुदुत थांबला. त्याने पट आपल्याकडे ओढला. त्याने राजा एक घर बाजूला घेतला, परत आणला, परत नेला. दुकानातले लोक एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. बराच वेळ गेला. मारुदुतचे कान लाल झाले.

“मला हे दिसलं नसतं,” तो शेवटी म्हणाला.

“मलाही नाही दिसलं.”

“नाही, ऐक. मी मारला असता हत्ती. देवाशप्पथ मारला असता. आणि मग तू शहामागून शह...”

“...आणि बरोबरी,” जाहोत्लान म्हणाला.

“म्हणजे जिंकण्याचा डाव माझा होता, आणि मी छत्तीस वर्षं छाती ठोकून सांगतोय की बरोबरी!” मारुदुतने डोकं धरलं. “अरे, तू निदान आपल्या फायद्याचं खोटं बोलत होतास. मी कशासाठी भांडत होतो?”

“तुम्ही दोघंही गाढव आहात,” सोर्ताबाई गल्ल्यावरून म्हणाली, “पण छत्तीस वर्षं माझ्याच दुकानात भांडलात, ते चांगलं केलंत.” आणि दुकान छपरापर्यंत हसलं. सगळ्यांत मोठ्याने मारुदुत हसला. त्याला हसताना ठसका लागला, तेव्हा जाहोत्लानने त्याची पाठ चोळली.

ठसका ओसरल्यावर मारुदुतने हळूच विचारलं, “पण लाए, माझ्या नव्या यंत्राला हे का नाही दिसलं?”

“तू त्याला दोन मिनिटं दिलीस. आणि त्यावर ते तयार मिळालेलंच इंजिन चालतंय. एवढा ताकदवान बैल आणि जू दुसऱ्याच्या मापाचं.”

“मग तू येशील?” मारुदुत म्हणाला. जरा घुटमळून त्याने जोडलं, “मंगळवारी. जेवायलाच ये.”

मंगळवारी जाहोत्लान वही घेऊन गेला. मेहुण्याच्या घरी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला कोणी स्वयंपाकघराकडे पिटाळलं नाही. मारुदुतच्या बायकोने सरोवरातला मोठा मासा अंदालिमान, म्हणजे रानातली तिरफळं, घालून मसाल्यात आटवून आर्सिक केला होता. जीभ झिणझिणत होती. जेवण होईपर्यंत इंजिन घडूनही झालं. आकडा आला ऐंशी लाखांच्या वर.

“बघितलंस? तुझ्या आठपट!” मारुदुत ओरडला.

“बघितलं, लाए,” जाहोत्लान म्हणाला. खरं तर त्याला तो आकडा आपलाच वाटत होता. त्याने तोही वहीत लिहून घेतला.

गोष्ट गावभर झाली. पोस्टमनने बोलावलं, मोबाइल दुरुस्तीवाल्याने बोलावलं, रोन्दांगने शाळेतल्या मुलांपुढे तासभर उभं केलं. वर्ष संपेपर्यंत वहीत अकरा यंत्रं झाली. प्रत्येकाचं वेगळं पान: प्रोसेसर कुठला, धूळ किती निघाली, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. अकरावं यंत्र चर्चमधलं. त्यावर फक्त भजनांच्या याद्या छापत, पण पाद्रीबाबांनी एकदा त्याच्यासमोर “आमचंही जरा बघा हो” असं म्हटलं, आणि जाहोत्लानने दुपारभर बसून त्यावरही इंजिन घडवून दिलं. पाद्रीबाबांना बुद्धिबळ येत नव्हतं. नाइलाजाने ते शिकले, आणि आता शनिवारी रविवारचं प्रवचन लिहायला उशीर होतो म्हणून त्यांची बायको जाहोत्लानवर रागावलेली असते.